वाऱ्याचा कुंचला

आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजीच्या काळची पत्र्याची पेटी असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर ती एकवार नीट न्याहाळून पाहावी. बहुधा तिच्या झाकणावर गुलाबाची दोन फुले, एखादा मोर किंवा कमळ आणि खाली मालकाचे अथवा मालकिणीचे नाव रंगविलेले आढळेल. कपडे ठेवण्याच्या कामी त्या मोराचा काहीएक उपयोग नाही. मोर नसता तरी पेटी तितकीच मजबूत राहिली असती. मग तो काढविला कशासाठी? बेंदराच्या दिवशी शेतकरी बैलाची शिंगे का रंगवितो, लग्नघराच्या दाराशी रंगारी बोलावून गणपती व कलश का काढवितात, उसाच्या ट्रॉलीच्या मागील फळीवर सूर्योदय व डोंगर का असतात, ह्या सर्व प्रश्नांचे उत्तर एकच आहे. जी वस्तू रोज हाताशी असते ती केवळ उपयोगाची असून माणसाचे समाधान होत नाही. ती आपली वाटावी लागते. ह्या आपलेपणाची खूण म्हणजे रंगकाम होय.

अशा रंगकामाची जी एक नवी रीत अलीकडे सोलापुरातील मुलांच्या कुतूहलाचा विषय झाली आहे, तिची ओळख ह्या लेखात करून देण्याचा विचार आहे. तिला एअरब्रश म्हणतात. आपण तिला वाऱ्याचा कुंचला म्हणू. हिच्यात केसांचा कुंचला नसतो. लेखणीएवढ्या एका लहानशा यंत्रातून दाबलेली हवा बाहेर पडते, ती आपल्याबरोबर रंगाचे अतिसूक्ष्म कण नेते, आणि ते कण धुक्याप्रमाणे वस्तूवर जाऊन बसतात. मोटरसायकलची टाकी, पेटी, कपाटाचे दार, मातीचा माठ, भिंतीवर लावावयाची लाकडी फळी, अशा कोणत्याही वस्तूवर ह्या रीतीने चित्र काढता येते.

रीत नवी असली तरी तिच्यातील कल्पना फार जुनी आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील गुहांत मानवी पंजाच्या आकृती आहेत. पंजा भिंतीवर ठेवून त्याच्याभोवती रंग उडविलेला आहे, त्यामुळे पंजाची जागा कोरी राहिली व भोवताल तांबडा झाला. त्यांपैकी एक आकृती किमान सुमारे ४० हजार वर्षांची असल्याचे संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. त्या माणसापाशी यंत्र नव्हते. असे पंजे उमटविण्यासाठी रंग तोंडाने फुंकीत असत, असे विद्वान मानतात. हे ऐकून नवल वाटावयास नको. आपल्याकडे इस्त्री करणारे परीट तोंडात पाण्याची चूळ घेऊन कपड्यावर बारीक फवारा मारीत, तो पुष्कळ पालकांनी लहानपणी पाहिला असेल. त्या फवाऱ्यात पाण्याऐवजी रंग आणि कपड्याऐवजी खडक कल्पिला की गुहेतील चित्रकार डोळ्यांपुढे उभा राहतो.

आता हा फवारा यंत्राने कसा उत्पन्न होतो ते पाहू. ह्यासाठी एक सोपा प्रयोग घरी करावा. पेल्यात पाणी घेऊन त्यात थोडी शाई मिसळावी. शरबत पिण्याची एक नळी त्यात उभी धरावी. तिचे वरचे तोंड पाण्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर असावे. दुसरी नळी आडवी धरून तिचे टोक उभ्या नळीच्या तोंडाशी काटकोनात आणावे व जोराने फुंकावे. पाणी उभ्या नळीतून आपोआप वर चढेल व त्याचा फवारा समोर उडेल. (समोर आईने वाळत घातलेली पांढरी चादर नाही, ह्याची खात्री आधी करून घ्यावी.) असे का होते? हवेचा झोत नळीच्या तोंडावरून वेगाने जातो तेव्हा तेथील दाब कमी होतो. पेल्यातील पाण्यावर मात्र वातावरणाचा दाब पूर्ववतच असतो. तो दाब पाण्याला नळीतून वर ढकलतो, आणि वर आलेल्या पाण्याच्या झोतामुळे चिंधड्या होतात. वाहत्या द्रवाचा वेग व दाब यांच्या संबंधाचा विचार डॅनिएल बर्नूली ह्या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील जे नाव आपण परीक्षेपुरते पाठ करतो, ते अत्तराच्या फवाऱ्यातही आहे व ह्या कुंचल्यातही आहे.

ह्या तत्त्वावर रंगकामाचे यंत्र करण्याचा उद्योग अमेरिकेत झाला. फ्रान्सिस स्टॅन्ली ह्याने १८७६ साली अशा एका फवारणीयंत्राचे पेटंट घेतले. त्यानंतर थोड्याच काळाने आयोवा संस्थानातील अबनर पीलर ह्याने हाताशी असतील त्या सुट्या भागांतून आपले यंत्र जुळविले. पुढे १८९० नंतरच्या दशकात चार्ल्स बर्डिक ह्याने त्यास लेखणीसारखे सुटसुटीत रूप दिले. आजची यंत्रे बहुतांशी त्याच वळणाची आहेत. प्रारंभी त्यांचा मुख्य उपयोग छायाचित्रांवर हात फिरविण्याकडे होई. चेहऱ्यावरील डाग झाकणे, मागील पडदा फिकट करणे, काळ्यापांढऱ्या चित्रात रंग भरणे ही कामे फोटोवाले त्याने करीत. आज हे काम संगणक करतो. परंतु संगणकाच्या चित्रप्रणालीतही ह्या साधनाचे नाव एअरब्रश असेच ठेविले आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रीय वाचकांस ह्या कुंचल्याचा परिचय नकळत फार पूर्वी झालेला आहे. मूळचे गोव्याचे चित्रकार रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची देवदेवतांची चित्रे दिनदर्शिकांच्या रूपाने घरोघरी गेली. त्यांच्या चित्रांतील चेहऱ्यावर कुंचल्याचा फटकारा दिसत नाही. उजेड गालावरून उतरत उतरत छायेत केव्हा मिसळतो हे कळत नाही. हा मऊपणा त्यांनी फवाऱ्याच्या तंत्राने साधला. पहाटेचे आकाश काळ्याचे निळे व निळ्याचे केशरी होते, पण सीमा कोठेच दाखविता येत नाही. केसांच्या कुंचल्याने असे आकाश रंगविण्यास फार श्रम पडतात. वाऱ्याच्या कुंचल्याचा तो सहजस्वभाव आहे.

नित्याच्या वस्तूंवर चित्रे काढण्याची परंपरा तर आपल्याकडे याहूनही जुनी. सावंतवाडीचे चितारी लाकडी पाट, खेळणी व गंजिफा लाखेच्या रंगांनी रंगवितात. दशावतारी गंजिफांचे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, अशी १२० वाटोळी पाने हाताने रंगवावी लागतात. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला लोप पावण्याच्या बेतात होती; तेव्हा श्रीमंत शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला जीवदान दिले. आपल्या जिल्ह्याचेही एक उदाहरण आहे. पंढरपुरास १९१५ साली जन्मलेले जगप्रसिद्ध चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरले, आणि काही वर्षे लहान मुलांची खेळणी व लाकडी सामान यांची रचना करण्याचेही काम केले. पाळण्यावर किंवा खुर्चीवर चित्र काढणे हे हलके काम आहे असे जे म्हणतात, त्यांनी हे स्मरणात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. यंत्राचे मुख्य भाग चार: हवा दाबणारा पंप, रबरी नळी, रंगाची वाटी आणि टोकाशी सुईने बंद होणारे छिद्र. हे छिद्र साधारणपणे ०.२ ते ०.५ मिलिमीटर असते. हवेचा दाब दर चौरस इंचास १५ ते ३० पौंड पुरतो, म्हणजे मोटारीच्या चाकात भरतात तेवढा किंवा त्याहून कमीच. चांगल्या यंत्रात घोडा खाली दाबला असता हवा सुटते व मागे ओढला असता सुई सरकून रंग सुटतो. दोन्ही गोष्टी एकाच बोटाने सांभाळावयाच्या असल्यामुळे प्रथम कित्येक दिवस जुन्या वर्तमानपत्रावर ठिपके व रेघा काढण्याचाच सराव करावा. यंत्र वस्तूच्या जवळ आणले असता रेघ बारीक व स्पष्ट उमटते. दूर नेले असता ती रुंद व फिकट होते. सगळी विद्या ह्या जवळ-दूर करण्यात आहे.

वस्तू रंगविण्याच्या पायऱ्या अशा. प्रथम वस्तू साबणाने धुऊन तिचा तेलकटपणा काढावा, कारण तेलाच्या एका बोटावरही रंग धरत नाही. नंतर पाण्याच्या पॉलिश पेपरने ती हलक्या हाताने घासावी, म्हणजे रंगास धरावयास जागा होते. मग अस्तराचा हात, तो वाळल्यावर मूळ रंगाचा हात, त्यावर चित्र, आणि सर्वांत शेवटी चित्राच्या रक्षणासाठी पारदर्शक लेप. प्रत्येक थर पातळ असावा. दाट थर एकदा देण्यापेक्षा पातळ थर तीनदा देणे बरे. घाई केली की रंगाचे ओघळ येतात व केलेले सर्व काम घासून काढावे लागते.

जेथे कडा स्पष्ट हवी तेथे कागद कापून त्याचा छाप करावा लागतो. हे सोलापूरकरांस समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. दिवाळीत दारापुढे भोकांच्या छापातून रांगोळी पाडणाऱ्या मुलींना हे ठाऊकच आहे. आपल्या प्रसिद्ध चादरीवरील नक्षीही अशाच न्यायाने उमटते: जॅकार्ड मागावरील पुठ्ठ्यांना जेथे भोक असेल त्याप्रमाणे धागा उचलला जातो, जेथे नसेल तेथे तो खाली राहतो. कोठे जावयाचे व कोठे नाही हे भोक ठरविते.

येथील हवेचाही विचार करावा लागतो. आपल्या वैशाखात पारा चाळीस अंशांवर चढतो, तेव्हा रंगाचे कण वस्तूपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत वाळतात व पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात दाबलेल्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते रंगात शिंपडते. म्हणून हिवाळ्यातील, वारा पडलेली सकाळ ह्या कामास उत्तम.

येथपर्यंत कौतुकाचा भाग झाला. आता एक हकीकत सांगतो. तीत माझ्या पदरीही दोष आहे, म्हणून ती लिहिताना संकोच वाटतो; परंतु शिक्षकाने स्वतःच्या चुका लपवून विद्यार्थ्यांच्या तेवढ्या दाखवाव्या हे बरे नव्हे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील यंत्रमागावर कामाला. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता. त्याने ओळखीच्या गॅरेजमधून जुना पंप व एक यंत्र मिळवून प्रथम एका फळीवर वाघाचे तोंड काढले व मला आणून दाखविले. मी वर्गापुढे त्याची पाठ थोपटली. तू रंग कोणता वापरलास, कोठे बसून मारलास, तोंडाला काय बांधले होतेस, ह्यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. पुढच्या रविवारी त्याने घरातील आजीची पेटी घेतली, दार लावून आतल्या खोलीत बसला आणि मोटारीच्या रंगाने तिच्यावर गरुड काढला. दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले.

"सर, पोरगं रात्रभर खोकतंय. श्वास लागतोय. दवाखान्यात न्यावं लागलं. तुम्ही शाबासकी दिली म्हणून चढलं ते," असे ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला अधिकच लागले.

मी सायंकाळी त्यांच्या घरी गेलो. मुलगा सुधारत होता. कोपऱ्यात पेटी होती; गरुड खरोखर उत्तम साधला होता. आजी पेटीपाशी बसून झाकणावरून हात फिरवीत होत्या. त्यांनी नातवाला रागे भरले नाही. एवढेच विचारले, "माजं नाव कुठं गेलं रं?" लग्नात त्यांच्या वडिलांनी ती पेटी दिली होती व रंगाऱ्याकडून तिच्यावर लेकीचे माहेरचे नाव घालून दिले होते. ते नाव त्या गावात आता कोणी घेत नव्हते. ते त्या पेटीवरच काय ते उरले होते. घासण्याच्या पायरीला मुलाने ते पॉलिश पेपरने घासून काढले होते. मी वर्गात सांगितलेली पायरी त्याने अचूक पाळली होती.

ह्या प्रसंगातून दोन धडे निघतात. पहिला शरीररक्षणाचा. जो रंग फवाऱ्याने इतका सूक्ष्म होतो की गालावरील छाया साधतो, तोच श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जातो. मोटारीस मारावयाच्या दोन डब्यांच्या रंगांत, म्हणजे रंग व त्यास घट्ट करणारे द्रव्य वेगळे असते त्या रंगांत, बहुधा आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांनी दमा जडतो, व एकदा जडला म्हणजे पुढे थोड्याशा संपर्कानेही उसळतो. तोंडावर रुमाल बांधल्याने किंवा साध्या कापडी मास्कने ती अडत नाहीत. असले रंग विद्यार्थ्यांनी मुळीच हाती धरू नयेत. ते काम स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा घालून जाणत्या कारागिरानेच करावे. शिकणाऱ्याने पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घ्यावे, उघड्यावर बसावे व कणांपासून रक्षण करणारा चांगला मास्क लावावा. कॅडमियमयुक्त पिवळे-तांबडे रंग फवाऱ्याने कधीही मारू नयेत. भारत सरकारच्या नियमांनी १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असण्यास मनाई केली आहे. परंतु ती मर्यादा घरगुती व शोभेच्या रंगांपुरती आहे. म्हणून लहान भावंडांच्या खेळण्यास किंवा पाळण्यास गॅरेजमधील उरलासुरला रंग लावणे म्हणजे त्यांच्या तोंडी विष देण्यासारखे होईल. तसेच ताटवाट्यांच्या आतील भागास रंग लावू नये, आणि शिरस्त्राणावर, म्हणजे हेल्मेटवर, वाटेल तो रंग मारू नये. रंगातील द्रावक प्लॅस्टिकचे कवच कमजोर करू शकते, व ते कमजोर झालेले डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा धडा पुस्तकात सापडत नाही. वस्तू घासण्यापूर्वी तिच्यावर आधी काय आहे ते वाचावे, आणि ती ज्याची आहे त्यास विचारावे. गुहेची भिंत कोणाची नव्हती. घरातील प्रत्येक वस्तू कोणाची तरी असते. प्रारंभी मी म्हटले की रंगकाम ही आपलेपणाची खूण होय. दुसऱ्याच्या आपलेपणाची खूण पुसून आपली उमटविणे ह्यास कला म्हणता येत नाही.

त्या मुलाने पुढे काय केले तेही सांगितले पाहिजे. बरा झाल्यावर तो एका वृद्ध पाटी-रंगाऱ्याकडे जाऊ लागला. छापील फ्लेक्स फलक आल्यापासून अशा रंगाऱ्यांची पोटाची कामे फार कमी झाली आहेत. जी पाटी लिहिण्यास त्यांना दिवस लागे ती यंत्रातून घटकेत बाहेर पडते. तरी अक्षराचे वळण त्यांच्या हातात शाबूत आहे. सहा महिने तो मुलगा केवळ अक्षरे गिरवीत होता. त्यानंतर त्याने आजीस विचारून, तिच्या सांगण्याप्रमाणे, गरुडाच्या खाली तिचे माहेरचे नाव केसांच्या कुंचल्याने पुन्हा लिहिले. गरुड पुसू का, असेही त्याने विचारले होते. "राहू दे, तो तुजा हाय," असे आजी म्हणाल्या. आज तो एका कारागिराच्या हाताखाली, योग्य मुखवटा लावून, टाक्यांवर व फळ्यांवर चित्रे काढण्याचे काम शिकत आहे.

पालकांस दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी रंगात रमते म्हणून तिचे आयुष्य वाया जाईल असे भय बाळगू नये. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या रेखाकला परीक्षा शाळेत असतानाच देता येतात. पुढे मुंबईच्या १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेसारख्या संस्थांची वाट मोकळी आहे. फ्लेक्स एकच चित्र हजार वेळा छापतो. पण आपल्या पेटीवर, आपल्या मनाजोगे, एकच एक चित्र हवे असे वाटणारी माणसे आहेत तोवर हाताचे काम संपत नाही. मात्र महागडे यंत्र घेऊन देण्याची घाई करू नये. पुढील पाठ आधी करवून घ्यावा.

एक कोरी मातीची पणती किंवा लहान मडके घ्यावे. अंगणातील कडुनिंबाचे वा चिंचेचे पान त्यावर पाण्याच्या बोटाने चिकटवावे. पाण्यात कालविलेल्या रंगात दातांचा जुना ब्रश बुडवून, थोडा झटकून, तो जुन्या चहाच्या गाळणीवर मडक्यासमोर घासावा. बारीक शिंतोडे पानाभोवती पडतील. वाळल्यावर पान उचलावे. त्याच्या जागी कोरी, स्वच्छ आकृती दिसेल. सुलावेसीच्या गुहेतील पंजा जसा उमटला तसाच हाही. हे ज्याला दहा वेळा न कंटाळता करवेल, त्याने खुशाल यंत्राचा विचार करावा.

आणि मडके कोणाचे आहे ते घरात आधी विचारावे.